रसायनशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर एकत्र : पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शिरताना

आधी एक गैरसमज काढून टाकू. पदवी आणि पदव्युत्तर एकत्र केल्याने वर्ष वाचत नाही. तीन अधिक दोन म्हणजे पाच, चार अधिक एक म्हणजे पाच, आणि एकात्मिक अभ्यासक्रमही पाचच वर्षांचा. वाचते ती मधली प्रवेश परीक्षा, तिच्या तयारीत निघून जाणारं बीएस्सीचं शेवटचं सत्र, आणि एमएस्सीच्या सुरुवातीला पुन्हा वाढलं जाणारं बरंचसं जुनंच ताट. त्या जागेत एक सबंध वर्ष प्रयोगशाळेतल्या प्रबंधाला मिळतं. हे वर्ष तुम्हाला हवं असेल तर पुढे वाचा. तारापूर, महाड, लोटे परशुराम किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत क्यूसीची (मालाच्या गुणवत्ता तपासणीची) नोकरी लवकर धरायची असेल तर साधी तीन वर्षांची बीएस्सी जास्त सोयीची. त्यात कमीपणा काहीच नाही.

१. वाट ठरवा

बारावी सायन्सनंतर मुख्य वाटा तीन.

पहिली, संशोधन संस्थांची. आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, त्या सात आहेत : पुणे आणि कोलकाता (२००६), मोहाली (२००७), भोपाळ आणि तिरुवनंतपुरम (२००८), तिरुपती (२०१५), बेरहामपूर (२०१६). इथली पदवी बीएस-एमएस. प्रवेश आयसर अॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे आयएटीने. याच जातीच्या आणखी दोन संस्था म्हणजे भुवनेश्वरजवळ जटणीची नायसर (राष्ट्रीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातलं सीईबीएस (मूलभूत विज्ञानांचं उत्कृष्टता केंद्र). या दोन्हींची पाच वर्षांची एकात्मिक एमएस्सी नेस्ट या परीक्षेतून मिळते.

दुसरी, केंद्रीय विद्यापीठांची. उदाहरणार्थ हैदराबाद विद्यापीठाची रासायनिक विज्ञानातली पाच वर्षांची एमएस्सी, सीयूईटी-यूजी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. खर्च आटोक्यात राहतो, पण अर्ज बाकीच्या परीक्षांपेक्षा बराच आधी संपतात आणि बहुतेकांना ते उशिरा कळतं.

तिसरी, आपल्याच विद्यापीठातली चार अधिक एकची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष केलं की ऑनर्सची पदवी, आणि त्यानंतर एमएस्सी एका वर्षात. तीन वर्षांनी थांबलात तर एमएस्सी पूर्वीसारखी दोन वर्षांचीच. घराजवळ राहायचं असेल तर ही वाट चांगली आहे, मात्र तिची मेख पायरी ६ मध्ये वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

आयआयटी मुंबईचा रसायनशास्त्राचा बीएस चार वर्षांचा आहे आणि प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवर. तो या लेखाच्या कक्षेबाहेर, पण यादीत असू द्या.

नावांवरून होणारी गल्लत इथेच मिटवू. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे रसायनशास्त्र नव्हे. माटुंग्याची आयसीटी, घरातल्या मोठ्यांच्या तोंडी अजून यूडीसीटी, तिथलं बीटेक हे तंत्रज्ञानाचं शिक्षण आहे. आयसर भोपाळमध्ये बीएस-एमएसच्या जोडीला अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राचे चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रमही आहेत. पसंतीक्रम भरताना घाईत चुकीच्या ओळीवर टिचकी पडली की निस्तरणं अवघड.

२. पात्रता तपासा, विशेषतः गणित

आयसरसाठी बारावीत जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक यांपैकी किमान तीन विषय आणि ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ५५. म्हणजे पीसीबीचा विद्यार्थीही पात्र आहे. पण पात्र असणं वेगळं आणि टिकणं वेगळं. भौतिक रसायनाला कलनाशिवाय हातच लावता येत नाही. उष्मागतिकीत आंशिक विकलन, रासायनिक गतिशास्त्रात विकल समीकरणं, पुंज रसायनात मॅट्रिक्स आणि आयगेनमूल्यं. हकेल पद्धतीने ब्युटाडाइनच्या ऊर्जापातळ्या काढायला सांगतात तेव्हा चार बाय चारचा निश्चयक सोडवून अल्फा अधिक-उणे १.६१८ बीटा आणि अल्फा अधिक-उणे ०.६१८ बीटा ही उत्तरं स्वतः आणावी लागतात, पाठांतराने भागत नाही.

पीसीबीवाल्यांनी परीक्षा आणि प्रवेश यांच्या मधले दोन महिने विकलन, संकलन, मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या या चार गोष्टींना द्यावेत, बारावीच्या गणिताच्या पुस्तकातली उदाहरणं सोडवत. बाकी गणित मागाहून जमतं.

३. कागदपत्रं : फेब्रुवारीतच बसा

महाराष्ट्रातली मुलं परीक्षेत जितकी मागे पडतात त्याहून जास्त कागदांत अडकतात. यादी अशी :

- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी)
- बारावीची गुणपत्रिका
- कॉलेज सोडल्याचा दाखला
- विभागीय मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट
- प्रवर्गाचं प्रमाणपत्र, केंद्राच्या नमुन्यात
- आधार आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक)
- अलीकडचा फोटो आणि सहीची स्कॅन, माहितीपत्रकात दिलेल्या आकारात
- वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र (प्रवेशाच्या वेळी)

प्रवर्गाच्या कागदावर जरा थांबू. केंद्रीय संस्थांत राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर चालत नाही, त्यावर तीन वर्षांची मुदत छापलेली असली तरी. त्यांना केंद्राच्या नमुन्यातलं, इंग्रजीतलं, आणि प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर दिलेलं प्रमाणपत्र लागतं. सेतू केंद्रात नुसतं 'नॉन-क्रिमीलेअर काढायचंय' म्हटलं की राज्याचंच हातात पडतं. 'सेंट्रलचं ओबीसी-एनसीएल' असं स्पष्ट म्हणा आणि संस्थेच्या माहितीपत्रकातला नमुना छापून सोबत न्या.

दुसरं, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा. राज्याच्या यादीतली प्रत्येक नोंद तिथे असतेच असं नाही. राज्यात विमुक्त किंवा भटक्या म्हणून वेगळा प्रवर्ग असणाऱ्या अनेक जाती केंद्रात ओबीसीत मोडतात. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) हा प्रवर्ग केंद्रात नाही. तिथे खुल्या जागेतून किंवा अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटकातून) अर्ज करावा लागतो. ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि उत्पन्न कितीही कमी असलं तरी शेतजमीन ५ एकर किंवा त्याहून जास्त असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही. कोरडवाहू सहा एकरवाली घरं इथेच अडकतात. सातबारा आधी बघा, मग तहसील कार्यालयात जा.

नावाचा घोळ वेगळाच. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि कधी वडिलांचं नाव गाळलेलं. अर्जात नाव दहावीच्या कागदावर आहे तसंच लिहा. आधारात स्पेलिंगचा फरक असेल तर परीक्षेचे अर्ज सुटण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण अपार आयडी आधारशी जुळल्याशिवाय पुढे क्रेडिट खात्यात क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक) जमा होत नाहीत.

मायग्रेशन हे दाखल्याहून वेगळं असतं. कॉलेजचा दाखला कॉलेज देतं, मायग्रेशन मंडळ. राज्याबाहेर जाणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि निकालानंतरच्या आठवड्यात सगळेच रांगेत असतात.

४. परीक्षा : कोणती, कशी

आयएटी तीन तासांची. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, प्रत्येकी १५, म्हणजे ६० प्रश्न आणि २४० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. गुणवत्ता यादी चारही विषयांच्या बेरजेवर लागते, म्हणजे पीसीएमवाल्याने जीवशास्त्र सोडलं तर ६० गुणांवर आधीच पाणी.

अंदाजाने उत्तर द्यावं का, हे नेहमी विचारलं जातं. गणित साधं आहे. चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तर सरासरी पाव गुण हाती येतो. पंधरा प्रश्नांत तो चार गुणही होत नाही, उलट आठ-दहा गुण इकडेतिकडे सहज हलतात. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी दीड गुण मिळतो. तिथे धोका घ्या.

जीवशास्त्र सोडलेल्यांनी सगळं पुस्तक पाठ करायला जाऊ नये. पेशी, जैवरेणू, आनुवंशिकता आणि परिसंस्था एवढं नीट वाचलं तर पाच-सहा प्रश्न पदरात पडतात. अभ्यासक्रम एनसीईआरटीचा धरला जातो. राज्य मंडळाच्या आणि त्याच्या धड्यांत फरक आहेत, त्यामुळे दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून राहिलेले घटक शोधून काढा.

नेस्टमध्ये चार विभागांपैकी सर्वोत्तम तीनच धरतात. तीन विषयांवर पकड असलेल्याला ती जास्त न्याय देते, म्हणून दोन्ही परीक्षा द्याव्यात. त्या साधारण मे अखेर ते जून या काळात असतात आणि तेव्हाच एमएचटी-सीईटीचे निकाल, जेईई अॅडव्हान्स्ड असं सगळं एकत्र येतं. भिंतीवर एकच कागद लावा, त्यावर फक्त शेवटच्या तारखा.

५. पसंतीक्रम आणि जागा

आयसरमध्ये प्रवेशाच्या वेळी 'रसायनशास्त्राची जागा' अशी काही नसते. प्रवेश बीएस-एमएसला मिळतो, सुरुवातीला चारही विज्ञानं शिकावी लागतात आणि विषय नंतर ठरतो. ज्याला पहिल्या दिवसापासून फक्त रसायन हवं आहे त्याला हे जाचतं. पण रसायन घ्यायला आलेले कितीजण दुसऱ्या वर्षी भौतिकाकडे किंवा जीवशास्त्राकडे वळतात ते पाहिलं की ही रचना शहाणपणाची वाटते.

संस्थांचा क्रम लावताना नुसती मागच्या वर्षीची कटऑफ बघू नका. रसायन विभागाच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची यादी उघडा : सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक, सैद्धांतिक यांत किती जण, काय काम करतात. पुण्याचं एक वेगळं बळ आहे. आयसर पाषाणात आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, तिला लागूनच. प्रकल्पाला शेजारच्या आवारात जाता येणं ही लहान गोष्ट नाही.

जागा मिळाली की स्वीकृती शुल्क मुदतीत भरा. 'पुढच्या फेरीत बघू' म्हणून न भरल्यास बहुधा तुम्ही प्रक्रियेतूनच बाहेर पडता. इंजिनिअरिंगची कॅपमधली (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली) जागा हातात असताना मूळ दाखला तिथे जमा करून बसू नका. दाखल्याची मूळ प्रत एकच असते. बाकी मूळ कागद तपासून परत घ्यायचे. संस्थेला ते ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) तसा नियम आहे.

मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे निकष पाहा. तिची रचना वर्षाला ८०,००० रुपयांची आहे : ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. त्या वर्षी अर्ज सुटले आहेत का हे आधी तपासून घ्या.

६. चार अधिक एकवाल्यांसाठी

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजला चार गोष्टी विचारा, शक्यतो विभागप्रमुखांना. चौथं वर्ष इथेच चालतं का? नुसतं ऑनर्स, की संशोधनासह ऑनर्सही? त्यासाठी पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती? आणि एका वर्षाची एमएस्सी विद्यापीठात कोणत्या शाखेत आहे : सेंद्रिय, विश्लेषणात्मक, असेंद्रिय की भौतिक?

तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रबंध करावा लागतो. इथे फसगत होते ती अशी : पहिल्या वर्षी निवांत राहिलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी जागा होतो, आणि तोपर्यंत सरासरी ६८ वर रुतलेली असते. ती पंचाहत्तरीवर न्यायला दोन सत्रं पुरत नाहीत.

चौथ्या वर्षाचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार थेट पीएचडीला अर्ज करता येतो. पण महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवी, तीही किमान ५५ टक्क्यांनी, आणि वर सहसा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. म्हणून पाचवं वर्ष सोडू नका.

७. पहिली दोन वर्षं

सामान थोडकं लागतं : पूर्ण बाह्यांचा सुती अॅप्रन (नायलॉनचा नको, आग लागली की कातडीला चिकटतो), बाजूने बंद असलेला गॉगल, पुढून बंद बूट, पानांवर क्रमांक छापलेली बांधीव वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर. रेणूंच्या आकृत्या काढायला केमस्केच आणि अॅव्होगॅड्रो ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. संदर्भ सांभाळायला झोटेरो पहिल्या वर्षीच सुरू करा.

खरी सवय बदलावी लागते ती वहीची. बारावीच्या प्रॅक्टिकलला बरेचजण उत्तर आधी ठरवतात आणि ब्युरेटची वाचनं मागून भरतात. इथे ते चालत नाही आणि लपतही नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं अनुमापन घ्या. द्रावण ६० ते ७० अंशांना तापवलं नाही तर पहिले थेंब रंग सोडायला वेळ घेतात, कारण मँगनीजचे आयन तयार झाल्यावरच क्रिया वेग घेते. आम्ल कमी पडलं तर तपकिरी गाळ दिसतो. तो दिसला की प्रयोग फुकट, तीन सारखी वाचनं लिहून ठेवली तरी तपासणारा एका नजरेत ओळखतो. वाचन आलं तसं लिहा, शाईने लिहा, चुकलं तर एक रेघ मारा, खोडरबर घरी ठेवा.

८. मार्गदर्शक आणि उन्हाळी प्रकल्प

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून कुणाच्या तरी प्रयोगशाळेत काम सुरू करा. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच संपतात. प्राध्यापकांना ईमेल करताना सगळ्यांना एकच मजकूर धाडू नका, तो ओळखू येतो. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा, त्यातला एक प्रश्न दोन ओळींत विचारा, तुमच्या तारखा आणि गुण सांगा. पंधरा ओळींच्या वर नको.

प्रबंधासाठी प्रयोगशाळा निवडण्यापूर्वी तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी बोला. सर किंवा मॅडम आठवड्यातून कितीदा भेटतात, रसायनं वेळेवर येतात का, मागच्या पाचव्या वर्षाच्या मुलांचं काम छापून आलं का. प्राध्यापक कितीही नावाजलेले असोत, बाकावर तुमचा हात धरणारा सीनियर नसेल तर वर्ष अवघड जातं.

९. प्रबंधाचं वर्ष

ऑगस्टमध्ये विषय पक्का, डिसेंबरात पहिला आढावा, मार्च अखेर प्रयोग बंद, एप्रिलमध्ये लेखन, असं मागून मोजत या. परदेशातून मागवायच्या रसायनाला कित्येक आठवडे लागतात, म्हणून यादी पहिल्या पंधरवड्यातच द्या.

सेंद्रिय रसायनात नवा रेणू तयार केला की त्याची ओळख पटवणं हे निम्मं काम. प्रोटॉन एनएमआरला (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणाऱ्या चाचणीला) ५ ते १० मिलिग्रॅम नमुना आणि सुमारे ०.६ मिलिलिटर ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म पुरतं. कार्बन एनएमआरला २०-३० मिलिग्रॅम असेल तर मशीनवर रात्र काढावी लागत नाही. पहिल्याच स्पेक्ट्रममध्ये १.२६ ला ट्रिप्लेट (तीन फाट्यांचं शिखर), २.०५ ला सिंगलेट (एकच शिखर) आणि ४.१२ पीपीएमला क्वार्टेट (चार फाट्यांचं) दिसला की नवशिका खूश होतो. तो त्याचा रेणू नसतो, शुद्धीकरणाच्या कॉलममधून आलेलं द्रावक, एथिल अॅसिटेट, असतं. ७.२६ हा द्रावकाचा स्वतःचा, १.५६ पाण्याचा. नमुना व्हॅक्यूम पंपावर आणखी काही तास ठेवा. चिकट तेलासारखा असेल तर थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दोन-तीनदा उडवा, म्हणजे एथिल अॅसिटेट त्याच्याबरोबर निघून जातं.

स्पेक्ट्रमचं नुसतं चित्र जपू नका, मशीनने नोंदवलेली मूळ कच्ची एफआयडी फाइल जपा, आणि फाइलच्या नावात वहीचा पान क्रमांक घाला. एप्रिलमध्ये 'नवीन', 'नवीन२', 'फायनल' अशा नावांच्या फाइलींतून रेणू शोधणं ही शिक्षाच असते. एचआरएमएसला (रेणूचं अचूक वस्तुमान मोजणाऱ्या चाचणीला) नमुने आठवड्याच्या शेवटी एकत्र देण्यापेक्षा रेणू शुद्ध झाला त्याच दिवशी द्या. मशीन बंद पडतं तेव्हा नेमकी सगळ्यांचीच मुदत जवळ आलेली असते.

लेखनात प्रयोगाची कृती आधी उरका, प्रस्तावना शेवटी. दुसऱ्याच्या निबंधातलं वाक्य शब्द फिरवून घेणं साम्य तपासणीत सापडतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, त्यापुढे विद्यार्थ्याला एक वर्ष थांबवतात आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते.

१०. बाहेर पडण्याचे कागद

मध्येच सोडायची वेळ आली तर कोणती पदवी मिळते हे संस्थेच्या अध्यादेशात लिहिलेलं असतं. ते पहिल्या वर्षीच वाचा. काही ठिकाणी तीन वर्षांनी हाती काहीच येत नाही, काही ठिकाणी चौथ्या वर्षी ठरावीक गुणांवर बीएस मिळते.

पाचही वर्षं झाली तर हे मागून घ्या : दहाही सत्रांच्या गुणपत्रिका, ट्रान्स्क्रिप्टच्या (सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणाऱ्या अधिकृत कागदाच्या) किमान पाच मोहोरबंद प्रती, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, श्रेणीचं टक्क्यांत रूपांतर सांगणारं पत्र, आणि पदवीचा मुख्य विषय रसायनशास्त्र होता असं लेखी. हे शेवटचं पत्र बीएस-एमएसवाल्यांनी विसरू नये. सरकारी जाहिरातीत 'रसायनशास्त्रातील एमएस्सी' एवढंच छापलेलं असतं, आणि छाननी करणाऱ्या कारकुनाला एमएस या अक्षरांचा अर्थ समजावत बसण्यापेक्षा त्याच्यापुढे कागद ठेवणं बरं. परदेशी पीएचडीचा विचार असेल तर ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज नवव्या सत्रातच करा, कारण तिकडचे बरेच अर्ज डिसेंबरात बंद होतात आणि परीक्षा विभागाला दिवाळीच्या सुट्ट्या असतात.